अक्काची पाच घरं: गाणगापूरच्या वाटेवरचा पहिला दिवस

आधीच स्पष्ट सांगते, सोलापूर ते गाणगापूर पायी जायची इच्छा माझी नव्हती. ती माझ्या थोरल्या बहिणीची, अक्काची. दत्तजयंतीला पोचायचं म्हणून ती दर मार्गशीर्षात पाच दिवस चालत गाणगापूरला जाते. अशी अकरा वर्षं झाली. बारा झाली की संकल्प पुरा. आणि बाराव्या वर्षाला दीड महिना उरला असताना ती न्हाणीघरात घसरली. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, आणि ती आमच्या घरी, माझ्या खोलीतल्या खिडकीजवळच्या पलंगावर येऊन राहिली.

एक दिवस तिला औषध देत होते, तेव्हा म्हणाली, "बेबी, माझ्याऐवजी तू जा."

मी बासष्ट वर्षांची आहे. मला बेबी म्हणणारं जगात आता हे एकच माणूस उरलं आहे, आणि त्याला नाही म्हणायची सवय मी कधी लावून घेतली नाही. तरी मी म्हटलं, "माझं चालणं तुझ्या खात्यात कसं जमा होईल?"

"आमच्या जथ्याच्या अण्णांना विचारलंय. रक्ताच्या नात्यातलं चालतं. पण नेम सगळे पाळायचे. वाहनात बसायचं नाही. आणि रोज दुपारी पाच घरी माधुकरी मागायची, स्वतःच्या तोंडानं. एक जरी नेम मोडला तर बारावं धरायचं नाही."

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: गाणगापुरात दत्तमहाराज दुपारी भिक्षेला येतात अशी श्रद्धा आहे, म्हणून तिथं जाणारे भक्त पाच घरी भिक्षा मागतात. आमच्या जथ्यात तो नेम पहिल्या दिवसापासून आहे. गळ्यात झोळी घालायची, पाच दारांत उभं राहायचं, मिळेल ते झोळीत घ्यायचं, मुक्कामाच्या देवळात सगळ्यांचं एकत्र करायचं आणि मग जेवायचं. कुणाच्या घरात बसून जेवायचं नाही.

चालण्याची मला भीती नव्हती. मागण्याची होती.

निघालो पहाटे सहाला, अक्कलकोट रस्त्यानं. आम्ही बावीस जण. पुढे पालखी, मागे सामानाचा टेम्पो. टेम्पो, मुक्काम आणि रात्रीचं जेवण मिळून माणशी पंधराशे रुपये, त्यात तक्रारीला जागा नाही. जथ्याचे प्रमुख अण्णा, एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर. त्यांच्या गळ्यात अजून शिट्टी असते. एक शिट्टी म्हणजे थांबा, दोन म्हणजे चला. चहाच्या टपरीवर मी कप तोंडाला लावला की दोन शिट्ट्या झाल्याच म्हणून समजा.

डिसेंबरात सोलापूरची पहाट छान गार असते, यावर विसंबून मी स्वेटर घातला. साडेआठला तो कमरेला बांधला, दहाला तो मला नकोसा झाला. टेम्पो पुढे निघून गेला होता, त्यामुळे तो दिवसभर माझ्याबरोबर चालला. उसाच्या ट्रॉल्या अंगाला घासून जात होत्या, एकेका ट्रॅक्टरला दोन-दोन, आणि त्यावर गाणी. रस्ता चांगला आहे, पण चांगला रस्ता गाड्यांसाठी असतो. चालणाऱ्याला कडेची खडी. दोन्ही बाजूंना कमरेएवढी ज्वारी, तुरीच्या शेंगा भरलेल्या, हे सगळं फार सुंदर असणार. मी पायाखाली बघत होते.

बुटांचं सांगते, कारण तुमच्यापैकी कुणी जाणार असेल तर हा एकच परिच्छेद कामाचा आहे. अक्कानं बजावलं होतं, "जुनी वापरलेली चप्पल घाल." माझ्या मुलीनं पुण्याहून चालण्याचे नवेकोरे, महागडे बूट पाठवले होते. मी मुलीचं ऐकलं. सातव्या किलोमीटरला उजव्या टाचेला फोड आला, नवव्याला डाव्या. कुंभारी मागे पडलं तेव्हा मी बूट हातात घेऊन मोज्यांवर चालत होते. तुम्ही जुनी चप्पल घाला, बरोबर खोबरेल ठेवा, आणि थोरल्या बहिणीचं ऐका.

तीच थोरली बहीण दर अर्ध्या तासाला फोन करत होती.

"कुठं आहात?"

"रस्त्यावर."

"ते मला माहीत आहे. वडाचं झाड आलं का?"

"अक्का, इथं वडाची शंभर झाडं आहेत."

"मोठं, ज्याला पार आहे ते. तिथून डावीकडे गाव. यादी आहे ना जवळ?"

यादी होती. अक्कानं वहीच्या पानावर पाच घरं लिहून दिली होती, खुणांसकट. पहिल्या दिवशीच्या माधुकरीची तिची ठरलेली घरं. पहिलं बंगल्याचं. दुसरं कानडी आजींचं. तिसरं गुरुजींचं. चौथं गुरवांचं. पाचवं पांढऱ्या कमानीचं. मला मोठा आधार वाटला. नंतर चालता चालता डोक्यात आलं की भिक्षा मागायची म्हणजे कुठलंही दार. अकरा वर्षं त्याच पाच घरी, वाट बघत बसलेल्या ओळखीच्या बायकांकडे जायचं, याला मागणं म्हणतात का? पण टाचा ठणकत असताना माणूस असल्या प्रश्नांच्या नादी लागत नाही.

गावात पोचलो तेव्हा साडेअकरा झाले होते. अण्णांनी मारुतीच्या देवळात पालखी टेकवली आणि शिट्टी फुंकली.

"पाच घरं. पाऊण तास. सुट्टे पैसे कुणी दिले तर घ्यायचे न्हाईत, अन्नच घ्यायचं. चला, पुढं सरका."

इथं एक जुनी गोष्ट सांगायला हवी. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले. अक्का नाही. तिच्या वेळी बाबांची ऐपत नव्हती, ती नगरपालिकेच्या शाळेत गेली. माझ्या वेळी जरा बरे दिवस आले होते. अक्का रोज माझं दप्तर घेऊन मला कॉन्व्हेंटच्या फाटकापर्यंत सोडायची आणि मग पळत आपल्या शाळेत जायची. फाटकाच्या आत ती कधी आली नाही. उन्हाळ्याच्या सुट्टीआधी सिस्टर प्रत्येकीला पत्र्याचा एक डबा द्यायच्या, वर चीर असलेला. अनाथाश्रमासाठी घरोघर जाऊन पैसे गोळा करायचे. मी पहिल्या दारापर्यंत गेले आणि घशातून आवाजच निघाला नाही. जिन्यात बसून रडले. शेवटी अक्का डबा घेऊन गल्लीभर फिरली आणि भरून आणला. शाळेत सर्वांसमोर शाबासकी मला मिळाली. त्यानंतर आयुष्यात मी कुणाकडे काही मागितलं नाही. नोकरीत बदली मागितली नाही, शेजारणीकडे विरजणसुद्धा मागितलं नाही. लोक याला स्वाभिमान म्हणतात. मला माहीत आहे ते काय आहे.

तर मी, नुसत्या मोज्यांवर, घामेजलेली, कमरेला स्वेटर, एका हातात बूट आणि गळ्यात झोळी, अशी बंगल्याच्या फाटकाशी उभी राहिले. फाटकाला बेल होती. बेलमधून आवाज आला, "कोण पाहिजे?"

मी सांगायला लागले की नमस्कार, मी सोलापूरहून आले आहे, आमचा एक जथा आहे, आणि तुम्हाला वेळ असेल तर...

"आमाला काय घ्यायचं न्हाय. कालच एक शेगडीवाली येऊन गेली."

"मी विकायला नाही आले."

"मग सर्व्हे हाय का?"

शेवटी अक्काचं नाव सांगितलं. फाटक उघडलं, सूनबाई धावत आल्या, चार पोळ्या आणि बटाट्याची भाजी झोळीत पडली. "आदी सांगायचं की मावशी," त्या म्हणाल्या. मागण्याचे शब्द माझ्या तोंडून निघालेच नव्हते. एक घर झालं.

कानडी आजी ओट्यावरच बसल्या होत्या. माझ्या मागे वाकून बघत म्हणाल्या, "अक्का बरलिल्लेनु?" अक्का आली नाही का, एवढं मला कळलं. मी माझ्या खुब्यावर हात मारून दाखवला. त्यांनी कपाळावर हात मारला, आत गेल्या, ज्वारीची भाकरी आणि शेंगांची चटणी आणली आणि झोळीत घालताना माझ्या हातावर दोनदा थोपटलं. दोन. गुरुजींच्या घरी वरणभात प्लास्टिकच्या डब्यात मिळाला आणि गुरुजींनी माझ्यासोबत फोटो काढला, पूर्ण झोळी दिसेल असा. तीन. गुरवांकडे गूळ, शेंगदाणे आणि "पाय बगा जरा स्वतःचे" असा सल्ला. चार.

पांढऱ्या कमानीच्या दाराला कुलूप होतं. चांगलं गंजलेलं.

"त्ये गेले की पुण्याला," शेजारून एक गृहस्थ म्हणाले, "मुलाकडं. दिवाळीलाबी आले न्हाईत." आणि त्यांनीही आपलं दार लावून घेतलं. देवळाकडून शिट्टी ऐकू आली, एक. म्हणजे थांबा, जमा. मला रडूच आलं. अक्काचा राग आला, कमानवाल्यांचा आला, पुण्याचाही आला. गल्ली पुढे वळत होती. वळणावर पिंपळ, त्याच्या बाजूला निळ्या दाराचं घर, आणि आतून शिलाई मशीनचा आवाज. यादीत त्या बाजूचं एकही घर नव्हतं. मी गेले, कारण तेच दार उघडं होतं.

आत एक चाळिशीची बाई मशीनवर बसली होती. भोवती शाळेच्या गणवेशांचा ढीग, बाटलीच्या रंगाचे हिरवे पिनाफोर, बिनबाह्यांचे, पुढे दोन चुण्या. भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेबांची तसबीर. मी उंबऱ्याबाहेर उभी राहिले, डोळे मिटले आणि बासष्ट वर्षांत पहिल्यांदा ते शब्द उच्चारले. "माय, भिक्षा वाढा."

मशीन थांबलं.

"भिक्षा न्हाय मिळायची," ती म्हणाली.

मी डोळे उघडले. तिच्या आवाजात राग नव्हता. तिनं दोऱ्याचं टोक दातानं तोडलं आणि उठून दाराशी आली.

"मावशी, बूट हातात घेऊन चालायची नवी पद्धत निगाली का काय?"

"टाचा सोलल्यात."

"दिसतंय की. गाणगापूरवाले न्हवं तुमी? दर साली जाता हितनं." तिनं माझ्या झोळीकडं बघितलं. "राग मानू नका. माजी आजेसासू ह्याच गावात टोपलं घेऊन भाकरी मागत फिरायची. लोक वरनं टाकायचे. बाबासाहेबांच्या पाठीमागं गेली, टोपलं फेकलं, आन् घराला सांगून ठेवलं. ह्या घरातलं कुणी मागणार न्हाय आन् ह्या दारात कुणाला मागू द्यायचं न्हाय. मी झोळीत घालणार न्हाय कुणाच्या. जेवायचं असलं तर आत या, ताट करते."

"मला घरात बसून जेवता येत नाही," मी म्हटलं. आणि लगेच कळलं की हे तिच्या कानांना कसं लागलं असेल.

तिचा चेहरा बंद झाला. "व्हय," ती म्हणाली. "ठावं हाय."

"तसं नाही हो. नेम आहे. कुणाच्याच घरात नाही. माझ्या बहिणीचं हे बारावं वर्ष आहे, ती पडलीय, मी तिच्यासाठी चालतेय. पाच घरची भिक्षा झाली नाही तर तिचं वर्ष धरणार नाहीत. चार झालीत. तुमचं पाचवं." मी हे सगळं एका दमात बोलले, आणि किती चिडून बोलले ते माझं मलाच ऐकू आलं.

ती दारात उभी राहिली. मीही. शिट्टी पुन्हा वाजली.

"मग बगा तुमी," ती म्हणाली. "तुमचा नेम तुमाला, माजा मला. म्होरं घरं हाईत. देतील कुणीबी."

ती खरंच चिडली नव्हती. तिला कामही होतं. संध्याकाळपर्यंत चाळीस पिनाफोर सोलापूरला पोचायचे होते, हे मला नंतर कळलं. मी पुढच्या दाराकडं बघितलं. वीस पावलांवर होतं, दारात बाई उभी होती, तिच्या हातात भाकरी दिसतसुद्धा होती. मी एवढंच करायचं होतं की वळायचं.

मी झोळी गळ्यातून काढली, बुटांशेजारी ओट्यावर ठेवली आणि आत गेले.

"हात धुवा," ती म्हणाली. "आदी पाय धुवा. चादरीवर रक्त नको, गणवेश हाईत."

तिचं नाव छाया. ब्लॉगवर घालू का विचारलं तर म्हणाली, "घाला की, मी काय चोरी केली?" नवरा होटगीला रेल्वेत आहे. तुरीच्या डाळीची आमटी, दोन भाकरी, कांदा, लसणाचा ठेचा. ताटलीत तिसरी भाकरी न विचारता आली. ती मशीनवर बसून चुण्या घालत होती आणि मधेच म्हणत होती, "लाजू नका, वाढून घ्या." मी सांगितलं की असाच पिनाफोर मी दहा वर्षं घातला. "मग सांगा, ह्या चुण्या कशाला असत्यात? लई वेळ खातात." तिनं डबीतलं खोबरेल दिलं, फोडांवर बांधायला हिरव्या कापडाच्या दोन चिंध्या दिल्या. निघताना मी आभार मानायला लागले तर म्हणाली, "पावनं जेवलं. त्यात काय आभार?"

देवळात सगळे माझ्यासाठी जेवायचे थांबले होते. मी झोळी अण्णांपुढे ठेवली.

"किती घरं?"

"चार. पाचव्या घरी जेवले."

अण्णांनी शिट्टी बोटांत फिरवली. "ताई, मग पाचवं तिकीट फाटलं न्हाई. वाईट वाटून घेऊ नका. हे समोरचं घर हाय, बाई दारात हाय. एक आवाज द्या, दोन मिनिटं. मी थांबतो."

दोन मिनिटांचं काम होतं. अक्काची अकरा वर्षं एका बाजूला, आणि दुसऱ्या बाजूला समोरच्या बाईची एक भाकरी. पण ती मागायला उठले असते तर छायाच्या ताटाचं काय झालं असतं? ते नसल्यासारखंच झालं असतं. हे बावीस जणांपुढे मला बोलता आलं नाही. मी म्हटलं, माझ्या टाचा उचलत नाहीत. अण्णांनी मान हलवली आणि दोन शिट्ट्या दिल्या.

संध्याकाळी वळसंगला टेकलो. एकूण वीस-बावीस किलोमीटर, आणि त्यातले अर्धे मी शिव्या पुटपुटत काढले, ज्या सिस्टरनी शिकवलेल्या नव्हत्या. अक्काचा फोन आला. "पाच झाली?" "पाच घरी गेले," मी म्हटलं. ती "बरं" म्हणाली. पुढचे चार दिवस हे अर्धवट वाक्य माझ्याबरोबर चाललं, टाचांपेक्षा जास्त टोचत.

पुढच्या दिवसांचं थोडक्यात. दुसऱ्या दिवशी अक्कलकोट, गर्दी आणि उत्तम पिठलं. नंतर दुधनी, मग हद्द ओलांडली की पाट्या कानडीत आणि चहा जास्त गोड. माधुकरी रोज मागितली, रोज पाच घरं, यादीशिवाय, सगळी झोळीत. आवाज तिसऱ्या दिवसापासून नीट निघायला लागला. गाणगापुरात दर्शनाला चार तास रांग. परत येताना गाणगापूर रोड स्टेशनवरून रेल्वेत बसले. पाच दिवस चाललेली वाट खिडकीतून दोन तासांत संपली. होटगी आलं तेव्हा मी फलाटावरच्या रेल्वेच्या माणसांकडं उगाच बघत होते.

घरी अक्का उशीला टेकून वाट बघत होती. अंगारा लावला, प्रसाद दिला. एकेक दिवस तिनं तपशिलानं विचारला. पहिल्या दिवसाचं मी सगळंच सांगितलं. कुलूप, पिंपळ, चार घरं, ताट. अण्णांनी दिलेली दोन मिनिटं आणि मी न उठणं, तेही.

तिनं हातातली प्रसादाची पुडी मिटून उशाशी ठेवली. मला वाटलं, आता मला फाटकाबाहेर उभं करणार.

"निळं दार ना?" ती म्हणाली. "मशीनचा आवाज येतो ते."

"हो."

"चौथ्या का पाचव्या वर्षी तिनं मला हाक मारली होती. ऊन फार होतं. म्हणाली, बसा, पाणी देते. मी म्हटलं, माझी पाच घरं झालीत." अक्कानं चादरीची कड बोटांनी सारखी केली. "झाली नव्हती. त्या दिवशी तीनच झाली होती. उरलेली दोन मी गुरवांकडूनच दोनदा घेतली, आणि वर्ष धरलं."

बारा झाली, अकरा झाली की दहा, हे विचारायचं माझ्या मनातही आलं नाही.

"डॉक्टर म्हणतात मार्चमध्ये गाडीत बसता येईल," ती म्हणाली. "तिचा फोन नंबर घेतलास?"

"नाही."

"कॉन्व्हेंटात शिकवून काय उपयोग झाला तुला." मग जरा थांबून, "म्हणजे दारात जाऊनच विचारावं लागेल."

तिनं डोळे मिटले. मला वाटलं झोप लागली. मी दिवा बारीक करून उठत होते, तेव्हा तिनं माझा हात धरला.

"बेबी, काय म्हणू गं मी तिला?"

गल्लीभर डबा घेऊन फिरलेल्या माझ्या बहिणीला मी मागायला काय शिकवणार. पण तिनं विचारलं होतं, म्हणून सांगितलं.

"भूक लागलीय म्हण."